जित्या माणसाचा पटका

गोधडीची मांडणी शिकायला माझ्याकडं पोरी येतात. हातात वही, बोटांत पेन. बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "आजी, नियम सांगा." जसे काही नियम मी डब्यात भरून ठेवलेत, झाकण काढायचं आणि वाटायचे. पण सांगते. एक तर मला बोलायला आवडतं, आणि दुसरं म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, खरोखरच नियम घालून दिले होते. कडेकडून शिवत आत यावं, मधून सुरुवात केली की पोटात झोळ येतो. झिजून मऊ झालेलं कापड तोंडाकडं, टणक कापड पायाकडं. मांडून झालं की एक दिवस सुई लावू नये, नुसतं बघावं. दुसरीची गोधडी आवडली तर डोळे भरून बघावी, पण तिची ठिगळं मोजू नयेत. पोरी भराभरा लिहून घेतात. आणि मग त्यातली एखादी विचारतेच, "आजी, पण सगळ्यात मोठा नियम कोणता?" तेव्हा मी चहा ठेवायला उठते.

ते आज लिहून टाकते. अक्षरं मी लेकरांच्या पाटीवर शिकले, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाकडं बघू नका.

जवळा बाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव. निजामाचं राज होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी धड थापता येत नव्हती, पण सुई धरता येत होती, आणि आत्याबाईंनी तेवढंच बघितलं. गावातली जुनी कापडं आमच्या ओट्यावर यायची. गाठोडं टाकून बाया म्हणायच्या, "घ्या आत्याबाई, यातून काय निघतंय बघा." आणि त्यातून निघायचं! धोतराच्या चिंध्या, लुगड्याचे काठ, चोळीची बाही, कुंचीचा तुकडा. आत्याबाई ते अंगणात मांडायच्या, सरकवायच्या, परत सरकवायच्या, आणि मग पदर खोचून शिडीवरून माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, चढायच्या. वरून कमरेवर हात ठेवून खाली बघायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं.

"हसतीस काहून?" त्या वरूनच ओरडल्या. "ये वर. खाली बसलेल्या बाईला निस्ती आपली मांडी दिसती. गोधडी बाजेवर आथरल्यावर दिसती तशी बघावी."

मी वर गेले. आणि खरंच, खाली जे मला फार सुंदर वाटलं होतं ते हिरवं ठिगळ वरून बघितल्यावर पानावर बसलेल्या माशीसारखं दिसलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक मांडणी माळवदावरून बघितली.

आणखी एक त्यांचा नियम होता. कापड हाताला लागलं की पहिलं विचारायचं, कुणाचं? जित्या माणसाचं का गेलेल्या? दोन्ही चालतं, पण दोघांची जागा निराळी. गेलेल्या आजाचं धोतर नातवाच्या छातीवर येईल असं लावायचं. बाळंतपणात गेलेल्या बाईचं लुगडं तिच्याच लेकराच्या गोधडीला, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि पटका, म्हणजे पुरुषाच्या डोक्याचं कापड, तो तर जित्या माणसाचा कधीच फाडायचा नाही. आमच्या भागात तशी रीत होती. माणूस गेला, तेरावा झाला, की घरातली थोरली बाई त्याचा पटका खुंटीवरून काढायची, फाडायची किंवा फाडायला द्यायची, आणि तो गोधडीत जायचा. तोवर तो खुंटीवर. एखाद्या घरचा पटका गोधडीत दिसला म्हणजे त्या घरानं आपला माणूस गेल्याचं मान्य केलं, हे न सांगता कळायचं. कुणी तोंडानं विचारत नसे.

हे सगळं मला पाठ होतं. मला माहीत नव्हतं म्हणून चुकले असं मी म्हणू शकत नाही.

तिकडं सायबाची मोठी लढाई चालू होती आणि आमच्याकडं कापड मिळेना. बाया लुगड्याला लुगडं जोडून नेसायच्या, मयतावर टाकायलासुद्धा कोरं कापड मिळायचं नाही. गाठोडी यायची ती झिजून जाळी झालेल्या कापडांची. सगळं पांढरं, नाही तर मातकट. आत्याबाई म्हणायच्या, "बराबर हाय, रंग नसला की डोळा शिकतो. पांढऱ्यात बी धा पांढरे असत्यात." असतात, खरं आहे. पण मी सोळा-सतरा वर्षांची. जवळ्याच्या बाजारात मी तांड्यावरची एक लमाणीण बघितली होती, तिच्या घागऱ्यावर तांबडं असं पेटलेलं होतं की मी शेंगा घ्यायच्या विसरले. घरी येऊन चुलीपुढं बसले तरी ते तांबडंच दिसून राहिलं. माझ्या मनात एक गोधडी तयार होती. चहूकडून पांढरं आत येतंय, आत येतंय, मग निळं, आणि बरोबर मध्ये तांबडं. फक्त तांबडं नव्हतं.

आमच्या वरल्या अंगाला एक घर होतं. घरात एक म्हातारी, तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, उजेड-अंधार तेवढा कळायचा. तिचा धाकटा लेक, त्याचं लग्न व्हायचं होतं. आणि थोरली सून, तिला मी वैनी म्हणायची. वैनीला एक लहान पोरगी. वैनीचा नवरा, म्हणजे म्हातारीचा थोरला लेक, दोन वर्षांपूर्वी वऱ्हाडाकडं जिनिंगच्या कामाला जातो म्हणून निघाला तो आलाच नाही. हिंगोलीच्या टेसनात गाडीत चढताना त्याला कुणीतरी बघितलं, एवढंच. जाताना नवा रुमाल बांधून गेला, तांबडा पटका खुंटीवर राहिला. वैनी रोज कपाळभर कुंकू लावायची. धाकटा दीर म्हणायचा, काहीतरी विधी करून टाकू. वैनी म्हणायची, "कशाचा? आलं न्हाई म्हणजे गेलं का?"

त्या वर्षी पोरगीला थंडीची गोधडी पाहिजे म्हणून म्हातारीनं निरोप पाठवला. आत्याबाई नेमक्या कळमनुरीला बहिणीकडं गेल्या होत्या. मी म्हटलं, चला, हीच वेळ. त्या यायच्या आत मी एकटीनं गोधडी मांडून दाखवते.

दुपारची गेले. वैनी रानात निंदायला. म्हातारी ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली, पुढं गाठोडं. मी सोडलं. दोन धोतरं, एक निळं लुगडं, बारकी चिरगुटं. आणि सगळ्यांच्या खाली, गुंडाळून ठेवलेला, पटका.

मी ओळखला. लगेच ओळखला. तो किती वेळ हातात धरून बसले ते मला सांगता येत नाही. शेजारी कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग मी म्हणाले, "मोठी आई, हे तांबडं बी घेऊ का?"

बघा, मी विचारलं. पण 'पटका' म्हणाले नाही. 'तांबडं' म्हणाले, आणि ते धरलं कुणापुढं, तर जिला दिसत नाही तिच्यापुढं. विचारल्यासारखं व्हावं आणि उत्तर माझ्या मनासारखं यावं, अशी ती रचना होती. ती मांडणीसुद्धा मीच केली होती.

म्हातारीनं हात पुढं केला. पटक्याचं एक टोक दोन बोटांत धरलं, चोळलं. सोडलं.

"घे," म्हणाली.

मी तिथंच फाडला. जुनं सुती कापड उभं फाडताना चर्रर्र करून जातं, दम लागत नाही, एकदा सुरू झालं की आपोआप फाटतं. चार पट्ट्या केल्या. म्हातारीनं मान जराशी वळवली.

"फाडलंस का, पोरी?"

"व्हय, मोठी आई."

"बरं."

तो 'बरं' अजून मला ऐकू येतो. दळताना येतो, भांडी घासताना येतो. चाळीस माणसांच्या पंगतीत वाढता वाढता आलेला आहे. रागाचा नाही, रडका नाही. एखादीनं दार लोटून घ्यावं आणि कडी लावू नये, तसा.

घरी येऊन अंगणात मांडलं. पांढरं, निळं, आणि मध्ये तांबड्या पट्ट्या एकीत एक बसवून चौकट. माळवदावर चढले. खोटं कशाला सांगू, एवढी चांगली मांडणी मी नंतर कधी केली नाही. ती खालून वर माझ्याकडं बघून राहिली होती. मी वर उभी राहून हसत होते, आणि त्याच वेळी आडावरून घागरी घेऊन येणाऱ्या बाया आमच्या अंगणापाशी थांबल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. दोघी काही न बोलता पुढं गेल्या. मला वाटलं, नक्षी बघून दिपल्या.

वैनी रानातून ओढ्यावरून येत होती तेव्हा त्या घागरीवाल्या बायांतलीच एक तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. वैनीला कळेना. "काय झालं? सांगा की!" तर ती म्हणाली, "आता काय सांगायचं बाई, तुमच्याच घरानं फाडला." वैनी तशीच, हातात खुरपं, आमच्या अंगणात आली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. मध्यावरच्या तांबड्यावर तळहात ठेवला, लेकराचं अंग तापलंय का बघतात तसा. मग म्हणाली, "कुणी दिला तुला?"

मी म्हणाले, "गाठोड्यात होता."

"गाठोडं कुणी बांधलं?"

मी कडेची चिरगुटं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर चार माणसं बसली. आम्ही बाया देवळाच्या भिंतीआड. दीर वाईट नव्हता, तो थकलेला होता. तो म्हणाला, "वैनी, दोन वर्सं झाली. दादाला तिकडं पाणी मिळून न्हाई राहिलं. आता घरानंच पटका फाडला. माईला इचारलं तर ती तोंडाला पदर लावून बसली, बोलत न्हाई. म्हणजे काय समजायचं?"

पारावरचे एक म्हातारे म्हणाले, "समजायचं ते समजलं. पळसाच्या पानांचा माणूस करा, अग्नी द्या, दहावा-तेरावा करा." मग आवाज खाली आणून, "आन् बाईचं बांगड्या-कुंकवाचं काय ते बायांनी बघावं."

वैनी भिंतीआडून बाहेर आली. तशी रीत नव्हती. पुरुषांसमोर उभी राहिली, पण त्यांच्याशी नाही, माझ्याकडं बोट करून बोलली. "मी फाडला न्हाई. माझ्या सासूला दिसत न्हाई, तिनं काय म्हणून द्यावा? ह्या पोरीला इचारा. हिनं कसा घेतला ते हिला इचारा."

माझे मामंजी पारावर बसलेले. नवी सून मी, त्यांच्यासमोर कधी आवाज काढला नव्हता. ते म्हणाले, "बोल. खरं बोल. दिला का घेतला?"

दिला म्हणावं, तर वैनीचं कुंकू आज पुसलं जाणार. घेतला म्हणावं, तर मी चोर, आणि आमच्या ओट्यावर परत कुणी गाठोडं आणणार नाही. मी वैनीकडं बघितलं. ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू माझ्या तोंडात तिचा जीव आहे.

"घेतला," मी म्हणाले. "न इचारता. तांबडा पाहिजे व्हता म्हणून."

कुणीतरी थुंकलं. मामंजी उठून चालते झाले. म्हातारे म्हणाले, "मग ह्यो फाडला धरायचा न्हाई. पोरकटपणा हाय." आणि वैनी तिथंच, सगळ्यांसमोर, मटकन खाली बसली आणि मग रडली.

तीन दिवसांनी आत्याबाई आल्या. गावच्या शिवेवरच त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मला मारलं नाही. माझ्या केसांतून सुई काढून घेतली, शिवून झालं की मी ती अंबाड्यात खोचून ठेवायची. म्हणाल्या, "एक वरीस हिला हात लावायचा न्हाई. निस्तं उसवायचं."

"काय उसवू?"

"गावच्या जुन्या गोधड्या. पार विटलेल्या. मी मागून आणते. लोकं तुला नवं देणार न्हाईत, जुनं उसवायला तरी देतील."

वर्षभर मी उसवत बसले. पोरींनो, तुम्ही ही गोष्ट लिहून घ्या, कारण मला जे काय येतं ते त्या वर्षात आलं. शिवताना आपल्याला आपलाच हात दिसतो. उसवताना दुसऱ्या पंचवीस बायांचे हात दिसतात. कुणाचा टाका घाईचा, कुणाचा रागाचा, कुणी एका कोपऱ्यात येऊन अर्ध्यात थांबली आणि मग दुसऱ्याच दोऱ्यानं पुढं गेली, मध्ये बाळंत झाली असेल. एका गोधडीत वरून अगदी साधं पांढरं, आणि आत, अस्तराला, जिथं कुणी कधीच बघणार नाही तिथं, बारीक मोरांची रांग. कुणासाठी केली असेल? पटकन समजत नाही. पण बघितल्यावर आपला हात बदलतो.

एकदा मी एका ठिकाणी चुकीचा टाका दाखवून म्हणाले, "आत्याबाई, हिनं हे बघितलं न्हाई का? इथंच उसवायला पाहिजे होतं."

त्यांनी बोट फिरवलं. म्हणाल्या, "तवाच उसवला असता तर उसवला असता. त्याच्यावरून धा ओळी गेल्या की तो चुकीचा राहत न्हाई गं. गोधडी त्याला धरून राहती. आता काढशील तर पोटच उघडं पडंल."

मी ती गोधडी गुंडाळून ठेवली. कारण तोवर मला दुसरी एक गोष्ट कळली होती.

सुई बंद झाली त्याच आठवड्यात आत्याबाईंनी मला एकच शिवणकाम करू दिलं होतं. पटक्याच्या चारी पट्ट्या परत जोडायच्या आणि नेऊन द्यायच्या. तेही त्या घरी बसून, सगळ्यांना दिसेल असं. मी म्हातारीच्या ओट्यावर बसून जोडत होते. तिसऱ्या दिवशी वैनी रानात गेल्यावर म्हातारी म्हणाली, "किती राहिलं?"

"एक शिवण, मोठी आई."

"तू काहून म्हणलीस, घेतला म्हणून?"

मी सुई थांबवली.

"मी दिला व्हता," म्हातारी म्हणाली. "हाताला काय कळत न्हाई का? धा वर्सं मीच धुतला त्यो. जवळ्याच्या बाजाराला गेले व्हते गाडीत बसून, तर एक माणूस जवळ आला. म्हणला, तुमचा पोरगा तिकडं तापानं गेला, आमीच जाळला. आन् गेला निघून. आवाज वळखीचा न्हवता. मला तोंड दिसलं न्हाई." तिनं शिवणीवरून बोट फिरवलं. "आईच्या तोंडातून त्ये निघत न्हाई, पोरी. सा महिने जिभेवर धरून बसले. म्हणलं, कापड सांगंल. मी सांगणार न्हाई, कापड सांगंल. तर तू आता त्ये जोडून राहिलीस."

मी म्हणाले, "मग पारावर तुमी का न्हाई बोललात?"

"बोलता आलं असतं तर पटका कशाला दिला असता?" मग तिनं माझा हात शोधला, मनगट धरलं. "आता तूच सांग तिला. कवातरी. तुझं ऐकंल ती."

होळीच्या आत म्हातारी गेली. सांगायचं माझ्याकडं ठेवून गेली.

मी सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते. आणि त्या माणसाचं तरी काय खरं? एका आंधळीच्या कानात एक आवाज बोलून गेला. दुसऱ्या कुणाचा मुलगा असेल. असं मी स्वतःला सांगायची, आणि दुपारी वैनीच्या दारावरून जाताना आत बघायची नाही, कारण खुंटीवर पटका दिसायचा. शिवणी मी चांगल्या केल्या होत्या. लांबून ओळखू येत नव्हत्या. दर दसऱ्याला ती तो काढायची, उन्हात धरायची, झटकून परत लावायची.

आणि वैनी माझ्यावर जीव लावायला लागली. हीच मोठी तकलीफ. हुरडा आला की पहिला माझ्या घरी. माझं पहिलं लेकरू झालं तेव्हा तेल लावायला ती. चार बायांत म्हणायची, "हिनं आपलं नाव घालवलं आन् माझं कपाळ राखलं." बाया बघायच्या माझ्याकडं. हळूहळू गाठोडी परत यायला लागली, जास्तच यायला लागली. माझ्या मांडणीला लांबून बाया यायच्या, हट्टा गावाहूनसुद्धा. मी त्या वर्षांत एकाही गोधडीत तांबडं घातलं नाही. लोक म्हणायचे, काय डोळा आहे हिचा, रंग नसताना रंग दाखवते. मी ऐकून घ्यायची.

मग ती धामधूम आली, लुटालूट, जाळपोळ. गावातली बरीच माणसं वऱ्हाडाच्या बाजूला निघून गेली, आम्हीही काही महिने जाऊन राहिलो. पावसाळा सरता सरता निजामाचं राज गेलं आणि लोक परत यायला लागले. बैलगाड्या, पायी, डोक्यावर बोचकी. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेली माणसंसुद्धा आली. वैनी रोज ओढ्यापाशी जाऊन उभी राहायची. ती बोलायची नाही, नुसती येणाऱ्यांच्या डोक्याकडं बघायची. तिची पोरगी आता मोठी झाली होती, ती आईला घरी न्यायला जायची आणि दोघी मिळून उभ्या राहायच्या. मग येणारे कमी झाले. मग कुणी येईना.

ओल्यात उभी राहून तिला ताप भरला. मी रोज जायची. एका दुपारी पोरगी पाण्याला गेलेली, वैनी बाजेवर, मी पायाशी. ती छताकडं बघत म्हणाली, "एक इचारू? खरं सांगशील?"

"इचारा की."

"पटका तू न इचारता घेतला व्हतास का?"

चार वर्षं मी ह्या प्रश्नाला भीत होते, आणि तो आला तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. मला वाटलं, आता सुटते. माझ्याबद्दल वाटलं, तिच्याबद्दल नाही. हे मला तेव्हा कळलं नाही.

"न्हाई, वैनी," मी म्हणाले. "मोठ्या आईनं दिला. हातानं चाचपून दिला. तिला कुणीतरी सांगितलं व्हतं." आणि जवळ्याच्या बाजारातला तो माणूस, तो ताप, सगळं सांगितलं. थांबता येईना.

ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग त्या दिवशी काहून असं बोललीस?"

"तुमी माझ्याकडं बघून राहिला व्हता."

ती हसल्यासारखी झाली. "येडी," म्हणाली. मग, "पोरीला सांगू नको. तिचं लगीन व्हायचं हाय." आणि भिंतीकडं तोंड करून निजली. त्यानंतर ती पाणी दे, उठव, बसव, एवढंच बोलली. त्याबद्दल एक अक्षर नाही. औषधाची वाटी मी पुढं केली की ती म्हणायची, राहू दे.

चौथ्या दिवशी ती गेली.

ती तापानं गेली का माझ्या त्या 'न्हाई'नं, हे मला अजून माहीत नाही. डॉक्टर नव्हता, सांगणारं कुणी नव्हतं. पोरी मला सगळ्यात मोठा नियम विचारतात. चुकलेलं उसवावं, हे मी त्यांना छातीठोक सांगते. पण ज्याच्यावर कुणी चार वर्षं पाठ टेकून निजलं आहे ते उसवावं का, ते आत्याबाईंनी मला सांगून ठेवलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ऐकायला पाहिजे होतं का, तेही मला सांगता येत नाही. म्हणून मी चहा ठेवते.

त्या दिवशी बाया जमल्या. नहाण घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या. कुणी ओटीचे तांदूळ आणले. म्हाताऱ्या म्हणत होत्या, "भाग्याची गं बाई, नवरा कुठं का असंना, सवाष्ण गेली." तिची पोरगी दाराला धरून उभी होती. मग एकीनं कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "तूच लाव. तिचा तुझ्यावर जीव व्हता. चांगलं ठसठशीत लाव."

मला वाटलं माझा हात थरथरेल. तेवढं तरी व्हायला पाहिजे होतं. मी बोट बुडवलं, खाली वाकले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या डोळ्यानं कपाळाच्या दोन्ही कडा धरल्या, वरून केसांची रेघ, खालून भुवया, आणि बोट कुठंही न चाचपडता बरोबर मधोमध जाऊन टेकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, कसं नीट बसलं."